गुडघ्याएवढं इंजिन नऊ माणसं कशी ओढतं?

हौशी लोकांनी बांधलेल्या छोट्या रेल्वेवर पहिल्यांदा आलेला माणूस दहा मिनिटं नुसता बघत राहतो आणि मग शेजारच्याला हळूच विचारतो, "आत मोटर असेल ना?" प्रश्न काही वेडगळ नाहीये. समोर दिसतं ते असं की गुडघ्याएवढ्या उंचीचं एक काळं इंजिन, त्याच्या मागच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला चांगला धष्टपुष्ट ड्रायव्हर, त्याच्या मागे दोन लांबट डबे आणि त्यांच्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसलेले आठ जण, आणि हे सगळं लटांबर चढावर फुसफुसत निघालंय. एवढ्याशा नळकांड्यातून हे होईल असं डोक्याला पटतच नाही. पण आत मोटर नाही, बॅटरी नाही. आत कोळसा जळतोय, पाणी उकळतंय आणि वाफ पिस्टन ढकलतेय, शंभर वर्षांपूर्वी मोठ्या इंजिनात जे चालायचं तेच. (बॅटरीवरची आणि पेट्रोलवरची छोटी इंजिनं पण असतात आणि लांबून बघितलं तर फसायला होतं, त्यांचं आज सोडून देऊ.)

या प्रकाराला ती मंडळी लाइव्ह स्टीम म्हणतात. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळा लेख तिच्याभोवतीच फिरणार आहे: हे खेळणं नाहीये. खेळण्यात दिसण्याची नक्कल असते. इथे इंजिन लहान केलंय पण आग, पाणी, वाफ आणि वर बसणारी माणसं कुणीच लहान केलेली नाहीत, ती आहेत तेवढीच आहेत. मॉडेल बनवणाऱ्या लोकांच्यात एक बोलणं कायम ऐकू येतं की निसर्गाला स्केल नसतो. रुळाच्या कडेला उभं राहून जे काही विचित्र दिसतं, त्यातलं बहुतेक सगळं या एका वाक्यातून सुटतं.

आधी मापं सांगतो, पटकन. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. जगातल्या बऱ्याच मोठ्या रेल्वेचं स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर. माणसं बसवून ओढणाऱ्या छोट्या गाड्यांची नेहमीची गेजं म्हणजे साडेतीन इंच, पाच इंच, सव्वासात इंच, आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी साडेसात. हो, सव्वासात आणि साडेसात, पाव इंचाचा फरक, आणि त्या पाव इंचापायी एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर जात नाही. यावर ती मंडळी आजही तासन्‌तास भांडू शकतात, आपण त्यात पडायला नको. १५ इंचाचं गेज म्हणजे मग जवळजवळ खरीच रेल्वे. इंग्लंडमधली रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे १९२७ मध्ये सुरू झाली ती या गेजची आणि तिची लाइन साडेतेरा मैल लांब आहे. आणि सगळ्यात अफाट प्रकरण बघायचं तर अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं ट्रेन माउंटन, साडेसात इंची गेज आणि सायडिंग वगैरे धरून ३५ मैलांच्या वर रूळ. हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच.

आता स्केलची गंमत बघा. सव्वासात इंचाच्या गेजवर साधारण एकास आठ मापाची इंजिनं चालतात. म्हणजे लांबी आठ पटीने कमी, रुंदी आठ पटीने कमी, उंची आठ पटीने कमी. पण वजन आठ पटीने कमी होत नाही, ते आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पटीने कमी होतं. शंभर टनांचं इंजिन जसंच्या तसं लहान केलं तर ते भरतं दोनशे किलोच्या आतबाहेर. आणि पृष्ठभाग, म्हणजे बाहेरची कातडी म्हणा, ती फक्त ६४ पटीने कमी होते. म्हणजे आतल्या पाण्याच्या मानाने बाहेरची कातडी आठपट जास्त झाली. चहाचं पातेलं तासभर गरम राहतं आणि बशीत ओतलेला चहा दोन मिनिटांत गार होतो, तेच हे. छोटं इंजिन म्हणजे बशीतला चहा. ते सतत उष्णता गमावत असतं, म्हणून त्याच्याकडे सतत लक्ष द्यावं लागतं, आणि म्हणून तो ड्रायव्हर तुमच्याकडे बघून हसत नाही. तो उद्धट नाहीये, त्याला वेळ नाहीये.

एवढ्या लहान इंजिनाने कोळशावर चालून माणसं ओढणं जमेल का, याबद्दल एके काळी जाणकारांनाच शंका होती. १९२४ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये यावरून चांगलीच जुंपली. एका बाजूचं म्हणणं, लहान इंजिनाला स्पिरिटचा दिवाच बरा, कोळसा वगैरे झेपणार नाही. दुसऱ्या बाजूला एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणारे कर्ली लॉरेन्स नावाचे गृहस्थ, ते म्हणाले की नाही, मोठ्या इंजिनासारखाच बॉयलर बनवा, त्यात खरा कोळसा जाळा, माणूस सहज ओढेल. नुसतं म्हणाले नाहीत, अडीच इंच गेजचं 'आयेशा' नावाचं त्यांचं इंजिन घेऊन ओढून दाखवलं. अडीच इंच म्हणजे रुळांमधलं अंतर तुमच्या तळहाताच्या रुंदीपेक्षाही कमी! या वादाला पुढे 'बॉयलरची लढाई' असं नाव पडलं, आणि आज जे तुम्ही बघताय ते त्या लढाईत जिंकलेल्या बाजूचे वंशज आहेत.

बरं, आत काय चालतं ते बघू. पुढून मागे नाही, मागून पुढे जायचं, कारण आग मागे असते. ड्रायव्हरच्या गुडघ्यांसमोर एक छोटं दार आहे, आगपेटीएवढं नाही पण फार मोठंही नाही, त्यातून तो मसाल्याच्या चमच्याएवढ्या फावड्याने कोळसा टाकतो, हरभऱ्याएवढे किंवा थोडे मोठे तुकडे. त्या दाराच्या आत भट्टी, भट्टीच्या चारी बाजूंना आणि डोक्यावर पाणी. आगीतले गरम वायू तिथून पुढे जाणाऱ्या नळ्यांमधून जातात, त्या नळ्या पाण्यात बुडालेल्या असतात, जाता जाता वायू आपली उष्णता पाण्याला देतात आणि पुढच्या गोल डब्यात, ज्याला स्मोकबॉक्स म्हणतात, तिथे पोचून धुराड्यातून वर निघून जातात.

आता मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. आगीला वारा लागतो, बरोबर? चुलीला आपण फुंकणीने फुंकतो, लोहार भाता चालवतो. इथे कोण फुंकतं? कुणीच नाही. पिस्टन ढकलून झालेली वापरलेली वाफ फुकट बाहेर सोडण्याऐवजी स्मोकबॉक्समध्ये, बरोबर धुराड्याच्या खाली, एका अरुंद तोंडातून वर सोडतात. ती जोरात वर जाताना आजूबाजूचे वायू पण खेचून नेते, स्मोकबॉक्समध्ये पोकळी तयार होते, ती पोकळी नळ्यांमधून भट्टीतली हवा ओढते आणि भट्टीला खालच्या जाळीतून नवी हवा मिळते. म्हणजे फुंकण्याऐवजी चोखणं. आणि खरी करामत इथे आहे: इंजिनाला जास्त जोर लावावा लागला की ते जास्त वाफ वापरतं, जास्त वाफ धुराड्यातून गेली की आग जास्त भडकते, आग भडकली की जास्त वाफ तयार होते. कुणी सेन्सर लावलेला नाही, कॉम्प्युटर नाही, काम वाढलं की भूक वाढते आणि भूक वाढली की जेवण पण आपोआप वाढतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी हे केलंय, मला तर अजून विश्वास बसत नाही.

पण यात एक अडचण आहे, गाडी उभी असली की वाफ जात नाही आणि आग मरगळते. म्हणून एक ब्लोअर असतो, बॉयलरमधली थोडी वाफ थेट धुराड्याच्या तोंडाशी सोडणारी बारीक नळी, स्टेशनात उभ्या असलेल्या इंजिनाचा जो सुस्स असा सततचा आवाज येतो तो बऱ्याचदा तिचा. मग पुढची अडचण, सकाळी इंजिन गारच असतं तेव्हा वाफच नाही तर ब्लोअर कशावर चालणार? तिथे हे लोक सरळ धुराड्यावर एक छोटा इलेक्ट्रिक पंखा टोपीसारखा बसवतात, तो वर हवा ओढतो. खाली रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा पेटवायचा, तो धगधगला की वर दगडी कोळसा. मोठ्या इंजिनाला गार अवस्थेतून वाफ धरायला कित्येक तास लागतात, हे बारकं अर्ध्या-पाऊण तासात तयार. बघायला जाणार असाल तर गाड्या सुरू व्हायच्या आधी तासभर जा, सगळी मजा तिथे आहे, ओळीने धुराड्यांवर पंखे घूं घूं करतायत, कुणी तेल सोडतंय, कुणी पालथं पडून खाली काहीतरी शोधतंय.

प्रेशरकडे येऊ. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण एक बारच्या आसपास दाब असतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ. या छोट्या इंजिनात सहा-सात बार, म्हणजे चौरस इंचाला ८० ते १०० पौंड, आणि १०० पौंडाला पाणी उकळतं ते जवळजवळ १७० अंशांवर. आता धोका कशात आहे ते नीट समजून घ्या कारण इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. लोकांना वाटतं धोका वाफेत आहे. वाफ तर आहेच, पण खरा ऐवज त्या पाण्यात साठलेला असतो. १७० अंशांचं पाणी दाबाखाली आहे म्हणून गप्प बसलंय, दाब अचानक गेला तर त्यातलं आठव्या भागाएवढं पाणी तिथल्या तिथे वाफ होतं, आणि पाण्याची मोकळ्या हवेत वाफ झाली की ती सोळाशे पटींच्या वर फुगते. हिशोब करा, चार लिटर पाणी असेल तर अर्धा लिटर वाफ झाली, ती जागा मागणार आठ-नऊशे लिटरची, एका क्षणात.

म्हणूनच बॉयलरची परीक्षा वाफेवर घेत नाहीत, आधी गार पाण्यावर घेतात. बॉयलर गच्च पाण्याने भरायचा, हवेचा एक बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपाने दाब चढवायचा, नवा बॉयलर असेल तर साधारण चालवायच्या दाबाच्या दुप्पट, नंतरच्या ठरावीक तपासण्यांना दीडपट. गार पाणी दाबलं जात नाही म्हणून त्यात काही साठत नाही, कुठे फाटलंच तर थोडं पाणी गळतं आणि काटा खाली येतो, बस. त्यानंतर वाफ करून सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उघडतायत का ते बघायचं, आग भडकलेली असतानाही दाब ठरलेल्या आकड्याच्या फार वर जाता कामा नये. चांगल्या क्लबमध्ये या परीक्षेचा कागद नसेल तर इंजिन पेटवूच देत नाहीत, तुम्ही किती का जुने सभासद असा. मला हा खडूसपणा आवडतो.

बॉयलर लहान असण्याचा एक फायदा मात्र आहे. नळकांडं जितकं बारीक तितकं तेवढ्याच दाबाला पातळ पत्रा पुरतो. अर्ध्या वितेहून थोड्या मोठ्या, म्हणजे १२५ मिलिमीटर व्यासाच्या बॉयलरला तांब्याचा तीन मिलिमीटर पत्रा असला तरी ताण अगदीच बेताचा येतो. म्हणून छोटे बॉयलर बहुतेक तांब्याचे, चांदीच्या डाखाने जोडलेले. मोठे झाले की मग पोलादाचे, वेल्डिंगचे.

ड्रायव्हर सारखा कशाकडे बघत असतो? एका काचेच्या नळीकडे. बॉयलरच्या मागच्या अंगाला उभी बारीक काच, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. भट्टीचं छत पाण्याखाली असलंच पाहिजे, ते उघडं पडलं तर खालून आग आणि वरून थंडावा नाही, तांबं मऊ पडतं आणि मग वर सांगितलेला हिशोब प्रत्यक्षात येतो. आणि इथेही निसर्ग खोडी काढतो! बारीक काचेत पाणी कडेने वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि एखादा बुडबुडा मध्येच अडकून बसतो, म्हणजे काच जे दाखवते ते खऱ्यापेक्षा जास्त असू शकतं. मोठ्या इंजिनाच्या जाड काचेत हा त्रास जवळजवळ नाही. म्हणून जुना ड्रायव्हर मधूनमधून काचेच्या खालचा कॉक उघडून फुस्स करून पाणी सोडतो आणि परत पातळी कुठे येऊन थांबते ते बघतो. तुम्हाला वाटतं उगाच चाळा करतोय.

पाणी कमी झालं की आत भरायचं, पण आत सहा-सात बार दाब आहे, बाहेरचं पाणी आत जाणार कसं? एक सोपा रस्ता म्हणजे चाकाच्या आसावर बसवलेला पंप, गाडी चालली की पंप चालतो. हातपंप असतो, तो आणीबाणीला. आणि तिसरा इंजेक्टर, जो १८५८ मध्ये आंरी जिफार या फ्रेंच इंजिनिअरने पेटंट केला आणि जो ऐकल्यावर कुणालाही वाटेल की ही फसवाफसवी आहे. बॉयलरमधलीच वाफ घ्यायची, बारीक शंकूतून प्रचंड वेगाने सोडायची, तिला गार पाणी भेटवायचं, वाफेचं पाणी होतं पण तिचा वेग त्या पाण्याला मिळतो, मग ते धावतं पाणी उलट रुंद होत जाणाऱ्या शंकूत घालायचं, तिथे वेग कमी होतो आणि त्याचा दाब बनतो, बॉयलरमधल्या दाबापेक्षा जास्त, आणि पाणी झडप ढकलून आत. म्हणजे बॉयलरच्या वाफेने बॉयलरच्याच दाबावर मात. यात एकही हलता दांडा नाही. वाफ गार पाण्यात विरताना आपली सगळी उष्णता देऊन टाकते, त्या उष्णतेतलाच थोडासा भाग इथे धक्का मारायला वापरला जातो, म्हणून हे जमतं, फुकट काहीच नाही.

फक्त लहान इंजेक्टरची भोकं मिलिमीटरभराची, काही तर त्याहून बारीक. एक कचऱ्याचा कण आला की बंद. टाकीतलं पाणी कोमट झालं की बंद, कारण वाफ विरायला पाणी गारच हवं. उन्हात उभं राहून राहून टाकी तापली, इंजेक्टरने पाणी घ्यायचं सोडलं आणि भला माणूस एका हाताने पंप मारतोय, दुसऱ्या हाताने ब्रेक धरून बसलाय आणि मागे बसलेली पोरं "काका शिट्टी वाजवा ना" करून ओरडतायत, हे दृश्य मी स्वतः बघितलंय आणि मला हसू पण आलं आणि दया पण आली.

आता मूळ प्रश्न, नऊ माणसं कशी ओढतं. पाकिटाच्या पाठीवर करायचा हिशोब आहे, आकडे मी अंदाजे धरलेत पण ते जगावेगळे नाहीत. आठ माणसं, सत्तर किलोची, ५६० किलो. दोन डबे १२० किलो. ड्रायव्हर ८०. इंजिन १५०. सगळे मिळून झाले ९१० किलो. रस्त्यावर एवढं ओढायचं तर घाम फुटेल, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर दबत नाही, चिकटत नाही, त्यामुळे सपाटीवर नुसतं चालतं ठेवायला वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा जोर पुरतो, म्हणजे नऊ किलो. (मोठ्या रेल्वेला याहून कितीतरी कमी लागतो, लहान चाकं प्रत्येक सांध्यावर अडखळतात म्हणून हे जास्त.) शंभराला एक असा चढ असला की आणखी नऊ किलो. एकूण अठरा-एकोणीस किलो. एवढंच.

मग अडचण कुठे आहे? घसरण्यात. जे लोखंड फिरायला सोपं आहे तेच पकडायला वाईट आहे. इंजिनाच्या ओढणाऱ्या चाकांवर समजा ११० किलो भार आहे, तर कोरड्या रुळावर त्याच्या पाचव्या भागाएवढी पकड धरू, २२ किलो. लागतायत अठरा-एकोणीस, आहेत बावीस. बघा किती काठावर चाललंय सगळं. रुळावर थोडं तेल सांडलेलं असलं, रात्रीचं दव असलं, एखादं ओलं पान असलं की चाकं जागेवर गरगर फिरतात, फुस-फुस-फुसचा एकदम फर्र्र्र होतो आणि ड्रायव्हर झटकन रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडायचा दांडा, बंद करतो. इंजिनात ताकद नाही म्हणून ते थांबत नाही, बहुतेक वेळा पकड नाही म्हणून थांबतं.

आणि ताकद तरी किती लागतेय? एकोणीस किलोचा जोर, चालणाऱ्या माणसाहून जरा जास्त, ताशी आठ किलोमीटर वेग, गुणाकार केला की चारशे वॉट येतात. स्वयंपाकघरातल्या मिक्सरची मोटर याहून दणकट असते! पण हे चारशे वॉट काढायला जाळावं किती लागतं ते ऐका. छोट्या इंजिनाची एकूण कार्यक्षमता दोन टक्के असली तर ड्रायव्हर खूश असतो. इंग्लंडमध्ये १९६९ पासून याचीच एक स्पर्धा होते, कोळसा मोजून देतात, ओढलेलं काम मोजतात आणि टक्के काढतात, आणि तिथेही तुम्ही दहा टक्के वगैरे स्वप्नात पण बघायचं नाही. दोन टक्के म्हणजे चारशे वॉट कामासाठी वीस हजार वॉटची आग. सलग चढ चढत राहिलं तर तासाला अडीच किलोच्या आसपास कोळसा आणि बारा-पंधरा लिटर पाणी. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के धुराड्यातून, बॉयलरच्या अंगातून आणि ड्रायव्हरच्या पोटऱ्यांवर.

आवाजाबद्दल एक सांगायचं राहिलं. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन दोन्ही बाजूंनी ढकलला जातो, म्हणून चाकाच्या एका फेरीला चार वेळा फुस. चाक सात इंची, म्हणजे एका फेरीत अर्ध्या मीटरहून थोडं जास्त अंतर. ताशी आठ किलोमीटरला सेकंदाला चारेक फेऱ्या, म्हणजे सोळाच्या जवळ फुस. आता आठपट मोठं इंजिन ताशी चौसष्टने पळवा आणि मोजा, फुसचा ताल तोच येतो. म्हणून डोळे मिटून ऐकलं तर एखादी मोठी गाडी लांबून चांगल्या वेगात चाललीये असं वाटतं, आणि डोळे उघडले की शेजारून पळत जाणारं पोर तिला मागे टाकत असतं.

शिट्टी मात्र तशी फसवत नाही, कारण शिट्टीचा सूर तिच्या नळीच्या लांबीवर ठरतो आणि आठव्या हिश्शाची शिट्टी केली की ती चहाच्या किटलीसारखी किंचाळते. मग काही जण काय करतात, वर दिसायला नकली छोटी शिट्टी बसवतात आणि खरी हातभर लांब नळीची शिट्टी इंजिनाच्या पोटाखाली आडवी लपवतात. दाट, जाड आवाज आला तर समजायचं की माल खाली आहे.

गाडी सुटताना दोन्ही बाजूंनी पायांकडे वाफेचे फवारे येतात आणि लोक दचकून मागे सरतात, ते शो करायला नसतं. सिलिंडर गार असतो, पहिली वाफ आत गेली की तिचं पाणी होतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आदळला तर सिलिंडरचं झाकण उडू शकतं. म्हणून आधी खालचे कॉक उघडे ठेवून ते पाणी हाकलायचं. फवारा कोरडा झाला की कॉक बंद. आणि नीट बघितलंत तर नळीच्या अगदी तोंडाशी दोन बोटं काहीच दिसत नाही, पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. खरी वाफ दिसत नसते, पांढरे दिसतात ते गार झालेले पाण्याचे थेंब. न दिसणारी जागाच सगळ्यात जास्त भाजते, पोरांना आवर्जून सांगा.

बसायला मिळालं तर सूचना ऐका, पाय आत, हात आत, कलायचं नाही, वाकून फोटो काढायचे नाहीत. हा नुसता नियमांचा भोचकपणा नाहीये. सव्वासात इंच म्हणजे १८४ मिलिमीटर, मधल्या रेषेपासून रूळ फक्त ९२ मिलिमीटरवर. मोठ्या रेल्वेत माणूस डब्यापुढे मुंगीसारखा, इथे माणूस डब्यापेक्षा जड. साठ किलोच्या डब्यावर सत्तर किलोचा एकटाच माणूस बसला आणि त्याने शरीराचा भार सतरा-अठरा सेंटिमीटर बाजूला नेला तर डबा उलटायच्या बेतात येतो. गाडीच्या शेवटी गार्ड बसवतात तो झेंडा हलवायला कमी आणि कोण कलतंय ते बघायला जास्त. लहान गेजना तर रूळ जमिनीवर टाकतच नाहीत, कमरेएवढ्या उंच कठड्यावर टाकतात, पाय दोन्ही बाजूंना खाली आणि उलटू नये म्हणून डब्याला खालून अडकवण.

वॉल्ट डिझ्नीलाही हे वेड होतं. लॉस एंजेलिसमधल्या घराच्या आवारात त्याने १९५० मध्ये सव्वासात इंची लाइन टाकली होती, अर्ध्या मैलाच्या आसपास, इंजिनाला बायकोच्या नावावरून 'लिली बेल' नाव. १९५३ मध्ये इंजिन रुळावरून घसरलं, सुटलेल्या वाफेने एका लहान मुलीला भाजलं आणि त्याने लाइन बंद करून टाकली. इंजिनाची चूक नव्हती म्हणा, पण वर म्हटलं तसं, वाफ लहान झालेली नसते.

उभं राहायला जागा कुठली चांगली? स्टेशन नाही. स्टेशनात फक्त रांग दिसते. चढ जिथे सुरू होतो त्याच्या जरा पुढे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा. तिथे ड्रायव्हर आधीच कोळसा टाकून आलेला असतो, पाणी भरून आलेला असतो, कारण चढावर मध्येच गार पाणी घातलं की दाब पडतो. तिथे फुस घट्ट होत जाते, धुराचा रंग बदलतो, आणि चाक एकदा घसरलं तर ते तुम्हाला दिसायच्या आधी ऐकू येतं.

आणि ड्रायव्हरला काही विचारायचं असेल तर गाडी चालू असताना विचारू नका, "हं" म्हणेल आणि काचेकडे बघत राहील. संध्याकाळी, आग खाली पाडून झाली, राख काढली, लांब ब्रशने नळ्या साफ करायला बसला की मग जा, आणि नुसतं म्हणा की आज इंजेक्टर कसा चालला. घरी जायची घाई असेल तर मात्र विचारू नका.